अंजनाबाईचा सहावा पेला

"आमच्या उकिरड्यात काच नाई, असंच म्हणून राह्यल्या ना तुमी सगळ्या? बरं. मंग कमळीच्या पायात कुठून आली ते सांगा."

समाजमंदिराच्या पडवीत वीस-बावीस बाया बसल्या होत्या. विचारणारी अंजनाबाई उभी होती. तिच्या मागं भिंतीला रेती चाळायची लोखंडी जाळी टेकवलेली. कमळा दुसऱ्या ओळीत डावा पाय लांब करून बसली होती. त्या पायाला अंगठा नाही, आणि अंगठ्याशेजारचं बोटही नाही.

"पुरासंगं आली असन," अन्नपूर्णा म्हणाली. "वैनगंगा काय काय आणते. मागं तं अख्खी बाज आली होती."

"बाज सोमाजीभाऊनं घरी नेली," मागून कोणीतरी बोललं. "काच तेवढी बांधीत ठेवली."

बाया हसल्या. ज्याच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, कमळेचा पाय कापला तो सोमाजी दाराशी उभा होता, तोही हसला. पुराचं नाव घेतलं की गावात सगळ्यांनाच बरं वाटायचं. अंजनाबाईलाही दोन वर्षं बरंच वाटत आलं होतं.

अंजनाबाई पन्नाशी ओलांडलेली. आरमोरी भागात धानाच्या रोवण्याच्या दिवसांत तिच्या टोळीला आवतण आधी येतं. बारा बाया वाकून पऱ्हे, धानाची रोपं, लावत मागं मागं सरकतात आणि त्यांच्या टोकाला ही. पाय मागं टाकताना चिखलात काय आहे ते कोणालाच दिसत नाही. बाई विश्वासानं पाय टाकते, एवढंच.

तीन वर्षांपूर्वी पंचायतीनं बचत गटातून तिला ब्रह्मपुरीला घरच्या कचऱ्याच्या शिबिराला पाठवलं. तिकडून ती घरोघरी वाटायला हिरवे-निळे डबे घेऊन आली. हिरव्यात लोकांनी मोहफुलं भरली, निळ्यात तांदूळ. झाकण घट्ट बसायचं, मुंगी शिरायची नाही. असल्या डब्यात कचरा टाकायची कोणाची छाती झाली नाही. अंजनाबाईनं महिनाभर भांडून पाहिलं, मग स्वतःच्या घरच्या डब्यात तिनंही लाखोळीची डाळ भरली.

मग तिनं डबे सोडले आणि उकिरडा धरला. आमच्याकडं जे नको असेल ते उकिरड्यावर जातं. शेण, राख, भाजीची देठं, जेवणावळीच्या पळसाच्या पत्रावळ्या. वर्षभर कुजतं आणि वैशाखात बैलबंडी भरून बांधीत पडतं. पिढ्यान्‌पिढ्या हाताला हीच सवय. आता त्याच हातानं सुपारी-तंबाखूच्या खर्ऱ्याची पन्नी, औषधाची शिशी, फुटका बल्बही तिथंच जातो. हे कोणी वाईट बुद्धीनं करत नाही. हात पुढं होतो आणि टाकून देतो.

तिची शिकवायची रीत साधी. जाळी घेऊन दारात जायचं, त्या घरचं एक घमेलं खत चाळायचं आणि बोलायचं नाही. जाळीवर उरेल ते घरच्या बाईनं आपल्या हातानं वेचायचं. प्लास्टिक पोत्यात, काच तेलाच्या रिकाम्या पिंपात. पण गावात चाळीस उकिरडे आणि जाळी एक. तेंदूपत्त्याचा हंगाम लागला की बाया पहाटेच जंगलात जातात. खताच्या बंड्या आठ दिवसांत निघणार होत्या. आणि सभेच्याच दिवशी सकाळी नळावर, दोन वर्षं शेताच्या बांधावर बसून काम करणारी कमळा म्हणाली होती, "औंदा मी बी उतरीन रोवण्याले. धुऱ्यावर बसून पऱ्ह्याच्या जुड्या बांधून बांधून कमर मोडली माई."

कमळेला साखर आहे. दोन वर्षांपूर्वीची जखम चिघळत गेली आणि दोन बोटं गेली. आता काही लागलं तर पाय जाईल, असं डॉक्टरनं सांगून ठेवलं आहे.

अंजनाबाईनं पडवीभर नजर फिरवली आणि कमळेवर थांबवली.

"पुरानं नाई आणली," ती म्हणाली. "काच माया घरची होती."

अन्नपूर्णेनं वळून सोमाजीकडं पाहिलं.

"माया पोराच्या, धम्मदीपच्या लग्नात पेले आले होते, लाल फुलाचे. सहा होते. एक फुटला. मीनं सुपलीत भरला अन् उकिरड्यावर टाकला. त्या साली सोमाजीभाऊले उकिरड्याचं तीन बंड्या खत देल्लं, धानाच्या तणसाच्या बदल्यात. कमळीच्या पायातून काच मीनंच काढली ना? तिच्यावर अर्धं लाल फूल होतं. कनवटीले लावली अन् घरी आणली. कोणाले दाखवली नाई."

पहिला सोमाजी बोलला. "दोन वर्सं गाव मले म्हणून राह्यलं, सोमाजीची बांधी पाय खाते म्हणून. तू ऐकून राह्यली होती ना, अंजनाबाई?"

"ऐकून राह्यली होती."

सोमाजीनं खांद्यावरचा दुपट्टा झटकला, पण तो गेला नाही. सगळ्यांचं लक्ष कमळेकडं होतं. कमळा आपल्या पायाकडं पाहत होती.

"बाकीचे पाच हायेत?" तिनं विचारलं.

"हायेत."

"तरीच. दोन वर्सं झाले, तुया घरी मले चाय भेटते ते स्टीलच्या कपात. मले वाटे, पाव्हण्यासाठी ठेवले असतीन पेले."

भिंतीचा आधार घेत ती उठली. डाव्या चपलेत पाय घालायला तिला वेळ लागतो. एरवी अंजनाबाई खांदा द्यायची. त्या दिवशी ती जागची हलली नाही. हलायचा हक्क आपल्याला उरला आहे की नाही, तेच तिला उमजेना.

त्यानंतर उकिरडे चाळणं मार्गी लागलं खरं. सोमाजीनं आरमोरीहून दुसरी जाळी आणली, कोणाला काही न सांगता. अन्नपूर्णेच्या उकिरड्यात दाढीची दोन पाती आणि बल्बची टोपणं निघाली, तेव्हापासून तिनं पुराचं नाव काढलं नाही. पण कमळा नळावर अंजनाबाईची वेळ टाळून यायला लागली. वीस वर्षं दोघींनी एका ओळीत रोवणा केला होता. अंजनाबाई रिकाम्या नळाशी घागर भरायची आणि भरल्यावरही थोडी थांबायची.

चौथ्या दिवशी सकाळी ती जाळी घेऊन जात असताना कमळेनं कवाडातून हाक मारली.

"जाळी इकडं आण."

"तुया उकिरड्यावर?"

"माया. पुरा चाळून दे. एकटीनं."

"घरच्या बाईनं वेचायचं असते, कमळे. तशी रीत हाय."

"रीत लोकाईसाठी ठेव. माया घरचं तूच वेचजो. मी बसून पाहीन."

अंगणात कडुनिंबाखाली बाज टाकून कमळा बसली. अंजनाबाईनं दोन खुंट रोवून जाळी तिरपी उभी केली आणि फावडं घेतलं. दोन घमेली झाली, पाच झाली. वाळलेलं खत भुसभुशीत होऊन जाळीपार पडत होतं. वर उरलेलं ती बोटांनी चाचपून पाहत होती. उन्हं वर चढली. कमळेनं पाण्याचा तांब्या जवळ सरकवला, पण तोंडानं घे म्हणाली नाही.

"काय निंगलं?"

"शाम्पूच्या पुड्या. खर्ऱ्याच्या पन्न्या. एक चमचा."

"चमचा इकडं आण. कधीचा हुडकून राह्यली मी. सुनेले उगाच बोलली."

अंजनाबाईनं चमचा पदरानं पुसून दिला. मग बाजेच्या पायाशी टेकून दोन घोट पाणी प्यायली.

"कमळे, रोवण्याले उतरू नोको औंदा."

"ते मी ठरवीन," कमळा म्हणाली. "आधी पाहू दे काय काय निंगते. अन् संध्याकाळी येईन मी तुया घरी. पेल्यात चाय दे."

अंजनाबाईनं नुसती मान हलवली. अजून अर्धा ढीग बाकी होता. तिनं पदर खोचला, फावड्यानं घमेलं भरलं आणि जाळीवर उलटं केलं.