सर्वर वाढवणाऱ्या ताईबाई

आमच्या ऊस नोंदणी संस्थेत अध्यक्षांना गाडी आहे, संचालकांना खुर्च्या आहेत, मला हेडक्लार्क म्हणून टेबल आहे, आणि सर्वर चालू-बंद करण्याचा अधिकार मात्र शिपाई ताईबाईंना आहे. हे कसं झालं विचाराल, तर तीन वर्षांपूर्वी पुण्याहून अंकिता मॅडम सर्वर बसवायला आल्या, तेव्हा "हे कोण शिकणार?" या प्रश्नावर अकराही संचालकांना एकदम फोन आले. मीही बाहेर जाऊन आलो. परत आलो तर ताईबाई चहाचा ट्रे बाजूला ठेवून स्टुलावर बसल्या होत्या.

ताईबाईंचं माहेर केंदूरचं, सासर भांडगावचं. लग्नानंतर आठ वर्षं त्या सासरच्या मेंढरांमागं हिंडल्या. पुढं मेंढरं विकून घरानं शेती धरली आणि त्या आमच्याकडं अकरा महिन्यांच्या ऑर्डरवर लागल्या. ऑर्डर संपत आली की संचालक मंडळ मुदत वाढवतं, आणि तोवर महिनाभर ताईबाईंचा जीव टांगणीला असतो. शाळा चौथीपर्यंत. इंग्रजी अक्षरं त्यांनी मॅडमनी कॅलेंडरच्या पाठीवर लिहून दिलेल्या दोन ओळींवरून गिरवली. एक ओळ स्टार्टची, एक स्टॉपची. काळ्या पडद्यावर एकेक अक्षर जुळवत त्या ओळ पुरी करतात आणि एंटर दाबायच्या आधी दोन्ही हात पदराला पुसतात.

ओळीच्या सुरुवातीला 'सुडो' असा शब्द आहे. त्याचा अर्थ, हे काम मालकाच्या अधिकारानं चाललंय. अध्यक्ष पोपटरावांना हे कळलं तेव्हा त्यांनी तो शब्द आपल्या नावावर करून मागितला. मॅडम म्हणाल्या, "करते, पण मग रोज सकाळी नऊला तुम्हाला यावं लागेल." विषय तिथंच मिटला.

आमच्याकडं संध्याकाळी सहाला लाईट जाते. त्याआधी डेटाबेस नीट थांबवला नाही तर गडबड होते, असं मॅडमनी बजावलं होतं. ताईबाई रोज पावणेसहाला स्टॉपची ओळ टाइप करत आणि रजिस्टरात लिहीत, "५.४५, सर्वर वाढवला." 'बंद केला' असं तीन वर्षांत एकदाही नाही.

आता पोपटरावांबद्दल. त्यांचा 'सर्वर डाऊन हाय' या वाक्यावर फार जीव. नको असलेला माणूस दारात दिसला की सर्वर डाऊन. त्या दिवशी भांडगावच्या सरूबाई तोडणीच्या यादीतला आपला नंबर बघायला आल्या. त्यांची उसाची लागण जुलैची, पोपटरावांची सप्टेंबरची, म्हणजे आधी तोड सरूबाईंची; आणि तोडणीची टोळी मात्र पोपटरावांच्या फडात शिरलेली. पोपटरावांनी केबिनमधून सांगितलं, "ताईबाई, सर्वर डाऊन करा." ताईबाईंनी हुकमाप्रमाणं केला.

"डाऊन झाला व्हय?" सरूबाईंनी विचारलं.

"आपसूक झाला न्हाई, सायबांनी करायला लावला," ताईबाई म्हणाल्या. वर रजिस्टरात लिहिलं, "१२.१०, अध्यक्षांच्या सांगण्यावरून सर्वर वाढवला."

पोपटरावांना मिरच्या झोंबल्या. त्यांनी आपला भाचा विश्वजीत याला आयटी सल्लागार नेमलं आणि ताईबाईंची चूक शोधायला बसवलं. पोरगं पुण्यात इंग्रजी शाळेत शिकलेलं. दोन दिवस रजिस्टर चाळून त्यानं चूक शोधली, आणि ताईबाईंच्या मुदतवाढीचा विषय ज्या मीटिंगमध्ये होता तिथंच मांडली.

"या बाईंनी परवानगीशिवाय नऊशेहून जास्त वेळा सर्वर वाढवला आहे," तो म्हणाला. "कपॅसिटी वाढवणं ही सीरियस टेक्निकल गोष्ट आहे."

एका संचालकानं काळजीनं विचारलं, "मग आता केवढा झालाय?" दुसरे उठून बघून आले आणि म्हणाले, "वरून तरी तेवढाच दिसतोय." या मंडळींना त्या शब्दाचा अर्थ ठाऊक नव्हता असं नाही. पण भाचा अध्यक्षांचा होता, म्हणून सगळ्यांनी माना हलवल्या. मलाही ठाऊक होता. मीही मान हलवली.

ताईबाईंना आत बोलावलं. त्या दारातच उभ्या राहिल्या.

"आवो, सांजच्याला दुकान वाढवत्यात न्हाई का? तसा सर्वर वाढवते," त्या म्हणाल्या. "समद्यांचा ऊस हाय त्यात. बंद केला असं कसं म्हणावं भरल्या घराला?"

पहिल्यांदा कोणीतरी खोकलं, मग सगळी मीटिंग हसली. विश्वजीतचे कान लाल झाले. भाच्याचं हसू झालेलं पोपटरावांना सोसेना. ते मोठ्यानं म्हणाले, "असं व्हय! मग तुमची नोकरीबी वाढवू की! लिहा भाऊसाहेब, ताईबाईंची नोकरी आजपासून वाढवली!"

आता तर सगळे टेबलं बडवून हसले. ताईबाई हसल्या नाहीत. त्यांनी कप गोळा केले, धुतले, पालथे घातले आणि माझ्या टेबलापाशी आल्या.

"भाऊसाहेब, म्हंजी उद्यापास्नं येऊ नको का?"

मी फाइलीत तोंड घातलं. बावीस वर्षांच्या नोकरीत मला माझी एवढी लाज कधी वाटली नव्हती. त्या गेल्या, कॅलेंडरचा कागद तेवढा घडी घालून बरोबर नेला.

मग मी इतिवृत्त लिहायला घेतलं. 'ठराव क्रमांक सात: अध्यक्षांच्या सूचनेनुसार शिपाई ताईबाई यांची नोकरी वाढवण्यात आली. एकमताने मंजूर.' अध्यक्षांचा एकही शब्द मी बदलला नाही. आमच्याकडं इतिवृत्त वाचून सही करणं हा अविश्वास समजतात. पोपटरावांनी गाडीचं दार उघडं ठेवून बॉनेटवरच सही ठोकली, पाठोपाठ दहा जणांनी.

संध्याकाळी विश्वजीतनं सर्वर बटण दाबून बंद केला. सकाळी सर्वर उठेना. स्टार्ट म्हटलं की पडद्यावर यायचं, एक सर्वर आधीच चालू आहे. चालू तर काहीच नव्हतं. नीट न थांबवल्यामुळं 'चालू आहे' अशी आदल्या दिवशीची खुणेची फाइल तेवढी पुसायची राहिली होती. विश्वजीतनं सतरा वेळा स्टार्ट मारलं. बाहेर तीस-चाळीस शेतकरी जमले, आणि सगळ्यांच्या पुढं सरूबाई. पोपटरावांनी नेहमीचं वाक्य टाकलं, तर सरूबाई म्हणाल्या, "आज कुणी करायला लावला?"

पोपटराव माझ्यावर खेकसले, "त्या ताईबाईला बोलवा!"

"बोलावतो की. त्या नोकरीवरच हायेत," मी म्हणालो आणि ठराव सगळ्यांना ऐकू जाईल असा वाचला.

पोपटरावांनी वही ओढून दोनदा वाचली. खाली स्वतःची सही. वाढवणं म्हणजे काढून टाकणं, हे आता चाळीस माणसांसमोर त्यांनाच समजावून सांगावं लागणार होतं. त्यांनी घाम पुसला.

"मग वाढवलीच की! मीच म्हणालो न्हाई का?"

ताईबाई आल्या. अंकिता मॅडमना फोन लावला, त्या सांगतील तसं आधी खरंच काही चालू नाही ना ते पाहिलं, मग ती फाइल बाजूला काढली. दोन्ही हात पदराला पुसून स्टार्टची ओळ पुरी केली. सर्वर उठला. सरूबाईंचा नंबर निघाला अकरावा. पोपटरावांचा चौसष्टावा, तोही सरूबाईंनी मोठ्यानं वाचला.

गर्दी ओसरल्यावर ताईबाईंनी रजिस्टरात लिहिलं, "९.४०, सर्वर चालू." मग चाचरत मला विचारलं, "आन् माझ्या ऑर्डरीचं काय झालं, भाऊसाहेब?"

"वाढली."

पेन हातातच राहिलं.

"वाढली म्हंजी... दुकानावानी?"

"न्हाई ताईबाई," मी म्हणालो. "अकरा महिन्यांनी."