काकूंच्या एकतारीची खुंटी

माझं शिक्षण चौथीपर्यंतच झालं. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं, अक्षर वाकडं आलं तर माफी असावी. पण आमच्या समोरच्या काकूंसारखी बाई कामठ्यात झाली नाही, पुढे होणारही नाही, हे मी जळत जळतच लिहिते.

काकू भजनमंडळात एकतारी वाजवतात. त्यांनी तार छेडली की माझे मालक जेवण टाकून दारात उभे राहतात. माझ्या गाण्याला कधी राहिले नाहीत. काकूंनी स्वतःच्या सुनेलाही त्या एकतारीएवढं जपलं नसेल. एकतारीला तेल लागू नये म्हणून त्या केस कोरडे ठेवतात, शेजारी बसणाऱ्या बाईचे हात आधी हुंगतात. तार ताणायची खुंटी कुरकुरली तर कोरडा साबण घासायचा, घसरली तर खडूची भुकटी, तार अडली तर खाचेत पेन्सिलीचं शिसं. भाच्यानं एकदा कौतुकानं शिलाई मशीनचं तेल आणलं, तर "लाकडाले मशीन समजून राहिला का?" म्हणत त्याला बिनचहाचा परत पाठवला.

एका सकाळी एकतारी माझ्या भरवशावर ठेवून काकू आंघोळीला गेल्या. माझी नुकतीच वेणी झाली होती, बोटांना खोबरेल होतंच. मी खुंटी ओढून काढली, चांगली चोळली आणि परत बसवली. संध्याकाळी देवळात काकूंनी दहादा खुंटी पिळली, दहादा ती सुटली. बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. काकूंनी एकतारी खाली ठेवली आणि नुसत्या टाळ्या वाजवत बसल्या. मला गोड वाटेल असं वाटलं होतं. नाही वाटलं.

घरी येताना त्यांनी खुंटी नाकाला लावली. "काऊन केलं वं असं?"

"माया गाण्याले कोणी उभं नाही राहत," मी म्हटलं.

काकूंनी खुंटी पदराला पुसली. मग म्हणाल्या, "तू गातेस कुठं? ओठातल्या ओठात पुटपुटतेस. अन् खुंटीचे पैसे तुलेच द्या लागन."

तेल भोकातही मुरलं होतं. सुतारानं भोक तासून नवी जाड खुंटी बसवली. अंडी विकून मी दर शुक्रवारी थोडे थोडे पैसे नेऊन देत असे. काकू मला बसवून घेत, खुंटीला साबण घासायला लावत आणि तेवढ्या वेळात एक भजन मोठ्यानं म्हणायला लावत. आवाज पडला की घासलेलं पुसून पुन्हा घासायचं. मागच्या शुक्रवारी सगळे पैसे फिटले. काकूंनी नोट पदराला बांधली आणि म्हणाल्या, "झाली वं मोकळी."

आज शुक्रवार. मघापासून दारात उभी आहे, पण रस्ता ओलांडून जायला काही निमित्तच राहिलं नाही.