नाताळाआधीची घरभेट

सुरतेत थंडी पडते असं सांगितलं की आमचे नगरकडचे नातेवाईक हसायचे. हसू देत. आमच्या देवळात मात्र दिवाळी सरली की थंडी आली असं सर्वानुमते ठरायचं आणि सगळे स्वेटर चढवायचे. हे स्वेटर मिशनच्या पेटाऱ्यांतून आलेले, गोऱ्या माणसांच्या मापाचे. माझ्या बाह्या दुमडून दुमडून कोपरापाशी गोळा व्हायच्या. दुपारी घामाच्या धारा लागायच्या, पण कुणी प्रेमाने पाठवलेलं अंगावर न घालणं म्हणजे कृतघ्नपणा, असं आई म्हणायची.

देऊळ म्हणजे चर्च. आम्ही नगर जिल्ह्यातली ख्रिस्ती माणसं चर्चला देऊळच म्हणायचो. प्रेस्बिटेरियन मिशनने बांधलेलं ते उंच छताचं देऊळ मूळचं गुजराती ख्रिस्त्यांचं. सकाळची उपासना गुजरातीत व्हायची. मिलमध्ये नाहीतर रेल्वेत कामाला लागलेली आमची मराठी घरं मोजकी, त्यामुळे आमच्या वाट्याला दुपारची वेळ, तीही पंखे बंद करून. वीज गुजराती उपासनेत जळली तर चालायची, आमच्यात जळली की पाळकसाहेबांना, म्हणजे देवळाच्या धर्मगुरूंना, खर्च आठवायचा.

हिवाळ्यात मात्र हा भेद मिटायचा. डिसेंबर लागला की पहाटफेरी सुरू व्हायची. पेटी एकाच्या गळ्यात, ढोलकी दुसऱ्याच्या, आणि आम्ही गात गात घरोघर. एका दारात गुजराती भजन, पुढच्या दारात मराठी. चहा मिळायचा, कुठे गाठिया मिळायचा. दुपारी देवळाच्या ओसरीवर बायका गोदड्या शिवायला बसत. लूमवरच्या चिंध्या, रेशमाचे तुकडे, कुणाच्या जुन्या लुगड्याचं अस्तर. मुलं बांबूच्या कामट्यांवर पतंगाचा कागद चिकटवून चांदण्या करायची. आणि एका शनिवारी सगळी मंडळी तापीच्या काठी पोंक खायला. ज्वारीची कोवळी हिरवी कणसं निखाऱ्यात भाजायची, झोडायची, आणि ते गरम हिरवे दाणे शेव, साखर, लिंबासोबत मूठमूठ तोंडात टाकायचे. मला त्या दिवसांचा राग येत नाही. मी सुखात होते, हे मला मान्य करावंच लागतं.

या सगळ्याच्या शेवटी नाताळचं प्रभुभोजन असे, म्हणजे प्रभूच्या आठवणीत एका मेजाभोवती बसून भाकर आणि द्राक्षरस घ्यायचा विधी, आणि त्याआधी घरभेट.

प्रेस्बिटेरियन रीत अशी की पाळकाच्या जोडीला मंडळीतून निवडलेले काही जाणते असतात. त्यांना रीतसर वडील म्हणतात, पण घरात घोळ नको म्हणून आम्ही त्यांना पंच म्हणायचो. माझे बाबा मराठी घरांचे पंच होते. मिलमध्ये फिटर, पण देवळात त्यांचा शब्द खाली पडत नसे. नाताळाच्या आदल्या आठवड्यात पंच घरोघर जायचा आणि प्रत्येकाला विचारायचा : कुणाशी वैर आहे का? मनावर काही ओझं आहे का? समाधान झालं की तो पत्र्याचा एक छोटा बिल्ला हातावर ठेवायचा. तो बिल्ला रविवारी देवळाच्या दारात दाखवला की मेजाजवळ बसता येई. दुसऱ्या देवळांतून ही रीत केव्हाच गेली होती म्हणतात. आमच्याकडे टिकली, कारण बाबांनी ती टिकवली.

आमच्या घराची भेटही बाबाच घ्यायचे, आणि ती चुलीपाशी बसल्या बसल्या उरकायचे नाहीत. ते कोट घालायचे, बायबल घ्यायचे, घराबाहेर पडायचे, दार ओढून घ्यायचे आणि मग आपल्याच दारावर टकटक करायचे. आई दार उघडून म्हणायची, "या, बसा." लहानपणी मला हसू आवरायचं नाही. ज्याला सकाळी टॉवेल सापडत नव्हता तो माणूस आता खुर्चीच्या काठावर बसून आईला अहो-जाहो करतो आहे! बाबाही मिशीत हसायचे. पण प्रश्न विचारायला लागले की त्यांचा आवाज मऊ व्हायचा. शेवटी म्हणायचे, "बोल बेटा. इथलं इथंच राहील." वर्षभर बाबा इतक्या मऊ आवाजात बोलत नसत. मला वाटतं, मी त्या आवाजाची वाट बघायचे.

मी बावीस वर्षांची होते त्या हिवाळ्यात मला सांगण्यासारखं काहीतरी होतं.

बाबांच्याच मिलमध्ये हिशेबनीस असलेला एक मुलगा. खानदेशातून आलेल्या बौद्ध घरातला, सुरतेच्या कडेला डिंडोलीकडच्या खोल्यांत राहणारा. आमची ओळख रात्रशाळेत शिकवताना झाली. मी दोनदा त्याच्या घरी गेले होते. त्याच्या आईने भिंतीवरच्या बुद्धापुढची मेणबत्ती सरळ केली आणि मला म्हणाली, "ये वं पोरी, बठ. च्या पी." नाव नाही विचारलं, जात नाही विचारली, देव नाही विचारला. आम्ही लग्न करायचं ठरवलं होतं. धर्म कुणीच बदलायचा नव्हता. त्याने बुद्धवंदना म्हणावी, मी देवळात जावं. आता हे सगळे करतात, त्या काळी आमच्या मंडळीत हे कुणी केलेलं नव्हतं. म्हणजे केलं होतं, एकाने. रेल्वेतल्या एका गार्डच्या मुलाने हिंदू मुलगी केली, आणि त्याला मेजापासून दूर ठेवायचा ठराव बाबांनीच मांडला होता.

हे मला ठाऊक नव्हतं का? होतं. पण तो परका पोरगा होता आणि मी बाबांची मुलगी होते. पंच म्हणून जे केलं ते केलं, मुलीसाठी बाबा काहीतरी वाट काढतील, असा माझा हिशेब होता.

त्या बुधवारी बाबांनी दारावर टकटक केली. आईची भेट झाली, ती बिल्ला घेऊन आत गेली. मी समोर बसले. कुणाशी वैर? नाही. मनावर ओझं? मी त्यांच्या हातातल्या बायबलकडे बघत राहिले. बाबांनी बायबल मिटलं आणि म्हणाले, "बोल बेटा. इथलं इथंच राहील."

मी सगळं सांगितलं. त्याचं नाव, घर, मेणबत्ती, चहा, सगळं. सांगताना रडले आणि हसलेही. बाबांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. शेवटी त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "बरं केलंस सांगितलंस. मन हलकं झालं ना?" मी मान हलवली. मग त्यांनी खिशातून बिल्ला काढला, माझ्या तळहातावर ठेवला आणि माझी बोटं आपल्या हाताने मिटली.

मी याचा अर्थ काय घेतला असेल, सांगा. बिल्ला मिळाला म्हणजे बाबा माझ्या बाजूचे. दोन दिवस मी जमिनीवर नव्हते. नाताळच्या दिवशी मराठी भजन मी एकटीने म्हणायचं ठरलं होतं, ते भांडी घासताना म्हणत होते. गुरुवारी संध्याकाळी त्याला भेटून म्हणाले, "बाबांनी मानलं." तो म्हणाला, "तोंडाने म्हणाले तसं?" मला त्याचा राग आला. म्हटलं, तुला आमची रीत कळायची नाही.

शनिवारी तयारीची उपासना असे, प्रभुभोजनाच्या आदल्या दिवसाची. तिला गुजराती-मराठी सगळे एकत्र बसत. कागदी चांदण्या छताला टांगून झाल्या होत्या. पाळकसाहेबांनी प्रवचन संपवलं, चष्मा काढला आणि गुजरातीत म्हणाले की मंडळीतली एक तरुण बहेन अन्य धर्मात लग्न करायचा विचार धरून आहे, ती पश्चात्ताप करेपर्यंत तिला प्रभूच्या मेजापासून आणि भजनमंडळापासून अलग ठेवण्यात येत आहे. नाव घ्यायची रीत नव्हती. घ्यायची गरजही पडली नाही. आमच्या रांगेत एकच तरुण बहेन होती, आणि पंचांच्या बाकावरून उठून बाबा तिच्याकडे चालत येत होते.

ते माझ्यापुढे उभे राहिले. तोच कोट, घरभेटीचा. त्यांनी हात पुढे केला, तळवा वर. मला पहिल्यांदा कळलंच नाही. खरं सांगते, मला वाटलं ते मला हात धरून बाहेर नेताहेत, लोकांच्या नजरांतून सोडवताहेत. मी माझा हात त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो हलकेच बाजूला केला आणि खालच्या आवाजात म्हणाले, "बिल्ला."

बिल्ला माझ्या रुमालाच्या गाठीत होता. गाठ सुटेना. सगळं देऊळ मी गाठ सोडते आहे ते बघत होतं. आईने मदत केली. आईने दातांनी गाठ सोडली, बिल्ला काढला आणि बाबांना दिला. तिचं मला तेव्हा काय वाटलं ते मी आजही लिहू शकत नाही. मी उठले तेव्हा तिने मला वाट द्यायला गुडघे बाजूला घेतले, जशी कुणाही अनोळखी बाईला द्यावी.

घरी मी एकच विचारलं, "इथलं इथंच राहील म्हणाला होतात ना?"

बाबा कोट खुंटीला लावत होते. म्हणाले, "गार्डच्या पोराला मी बाहेर ठेवला. उद्या त्याच्या बापाने मला तोंडावर विचारलं तर काय सांगू?"

"मग बिल्ला दिलात कशाला?"

त्यांनी कोटाची बाही सरळ केली आणि हातपाय धुवायला मोरीवर गेले. पाळकसाहेबांच्या बायकोने मला नंतर सांगितलं की साहेब तर नाताळ होऊन जाऊ द्या म्हणत होते, घाई तुझ्या बाबांचीच. बुधवारीच बाबा साहेबांच्या बंगल्यावर गेले होते. म्हणजे माझी बोटं मिटली आणि ते सरळ तिकडेच गेले. माझ्या डोक्यावर ठेवलेला हात त्यांनी वाटेत कुठे झटकला असेल, याचा मी खूप विचार केला आहे.

नातं तुटलं, असं म्हणता येणार नाही. पुढच्या उन्हाळ्यात मी त्याच मुलाशी लग्न केलं आणि डिंडोलीकडे राहायला गेले. आई यायची, लोणचं आणायची. बाबाही एकदोनदा आले, जावयाशी मिलच्या गप्पा मारून गेले. लोक म्हणत, बघ, विसरले ना सगळं. ते विसरले होते, मी कुठे विसरले होते? मार बसला असता तर विसरले असते. मऊ आवाज विसरता येत नाही.

दोन-तीन वर्षांनी, तोवर मला दोन पोरं झाली होती, आमच्या शेजारच्या खोलीत बाबांच्याच मंडळीतलं एक मराठी ख्रिस्ती कुटुंब आलं, नवरा-बायको आणि एक लेक, सतरा-अठराची. ती पोर दुपारी माझ्याकडे येऊन बसायची. कुणाचं तरी नाव घ्यायची, थांबायची, विषय बदलायची. मी विचारलं नाही.

डिसेंबर आला. एका संध्याकाळी बाबा आले, कोटात, बगलेत बायबल. माझ्या दाराशी थांबून त्यांनी पोंकाचा पुडा दिला, गरम होता अजून. "पोरांना दे. शेजारी भेट आहे," म्हणाले आणि पुढच्या दारावर टकटक केली.

आमच्यामधली भिंत एकविटेची, वरून पत्र्याखाली उघडी. मी पोंक ताटात काढत होते आणि मला सगळं ऐकू येत होतं. आधी नवऱ्याची भेट झाली, मग बायकोची. मग त्या पोरीला समोर बसवलं. कुणाशी वैर? नाही. मनावर ओझं? बायबल मिटल्याचा आवाज आला. आणि मग तोच आवाज, जराही न बदललेला, "बोल बेटा. इथलं इथंच..."

मी ताट टाकून धावले. त्यांच्या दारात उभी राहिले. बाबा खुर्चीच्या काठावर बसले होते, पुढे झुकून, आणि पोरीने तोंड उघडलं होतं.

"सांगू नको गं," मी म्हणाले. "काही सांगू नको."

पोरीने माझ्याकडे पाहिलं, मग बाबांकडे. आणि म्हणाली, "काही नाही. मनावर काही ओझं नाही."

बाबांनी खिशात हात घातला, पण बिल्ला त्यांना बराच वेळ सापडेना.