बत्ताशाची भूक

छबूबाईच्या हातची भाकरी कुणी ताटात टाकून उठलं, असं पेडगावात कधी घडलं नव्हतं. म्हणूनच परभणीच्या तहसिलीतल्या पेशकारांच्या घरच्या कस्तुराबाई लेकीच्या बाळंतपणाला हैदराबादेस निघाल्या, तेव्हा आपलं पांढरं चिमुकलं कुत्रं त्यांनी छबूबाईच्याच हवाली केलं. नाव बत्ताशा. खाण्याचा फार नखरा आहे, तेवढं सांभाळा, असं सांगताना बाईंचे डोळे भरले होते. छबूबाईनं देव्हाऱ्याकडं हात करून शब्द दिला.

बत्ताशानं भाकरी हुंगली आणि तोंड फिरवलं. तिनं दूध घातलं. त्यानं दूध चाटलं, भाकरी तशीच. मग तूप आलं, तुपावर गूळ आला. भादव्यात पितरांचा पंधरवडा लागला, तसं ते तुपालाही नाक मुरडायला लागलं. परक्याचं जनावर आपल्या दारी उपाशी राहतंय, या विचारानं छबूबाईचा जीव टांगणीला लागला.

सासू बायनाबाई मात्र निवांत. "ताटलीत टाकतंय, पर अंगाला लागायलंय बघ. आपल्या घरचं अन्न नुसत्या वासानंबी पोसतं."

आणि खरंच, कुत्रं गोल गोल होत चाललं होतं. छबूबाईही मनातून सुखावली. गुटगुटीत कुत्रं म्हणजे भरलं घर, हीच तिची समजूत.

एक दिवस मारुतीच्या देवळाच्या पायऱ्या बत्ताशाला चढवेनात. जीभ काढून धापा टाकत ते खालीच बसलं. नवरा आसाराम मागून येत होता. बाजारात बैल पारखण्यात त्याचा हात बसलेला. त्यानं कुत्र्याच्या कुशीवरून तळवा फिरवला.

"फासळ्या कुठं गेल्या ह्याच्या? दिसू नयेत, पर हाताला लागाव्यात. वरून बघितलं तर कंबर दिसावी. हे तर उखळ झालंय. अशानं छाती भरून मरंल."

छबूबाईला कोडं पडलं. न खाता फुगतंय कसं? दुसऱ्या दिवशी दुपारी ती गुपचूप त्याच्या मागं निघाली.

गल्लीत कुणाकडं ना कुणाकडं रोजच पितर. खीर, वडे, कढी. कावळ्याचा घास पत्र्यावर जायचा, गाईचा गोठ्यात. कुत्र्याचा घास मात्र गावच्या खरजेल्या कुत्र्यांना टाकायचा कशाला, दारात हे धुतल्यासारखं पांढरं लेकरू बसलेलं असताना? घरोघर त्याचं पान मांडलेलं होतं. शेवटी ते आपल्याच घराच्या मागच्या दारी आलं, तर तिथं बायनाबाई खिरीत वडा कुस्करत बसलेल्या.

छबूबाईला आधी हसू आलं, मग भीती वाटली. तिनं वाटी सासूच्या हातातून हळूच काढून घेतली.

"पितराचा घास अडवतीस? पितर काय म्हणतील?"

"पितर म्हणतील, आत्याबाई, पोट भरलेल्याला काय वाढता? उपाशी तर वेशीत बसल्यात."

त्या दिवसापासून तिनं दारोदार जाऊन पदर पसरला. घास टाका, पण वेशीतल्या कुत्र्यांना. काहींनी ऐकलं, काहींनी पेशकाराचं कुत्रं उपाशी मारायलीस म्हणून टोमणे मारले. बायनाबाई तिच्याशी बोलेनात. बत्ताशाला आता ताकात कुस्करलेली भाकरी, तीही मापाची. नाही खाल्ली तर वाटी उचलायची, वर तूप नाही की गूळ नाही. ते रात्रभर कुंईकुंई करायचं आणि छबूबाई अंथरुणात नामस्मरण करत पडायची. उठून दूध द्यावं असं हजारदा वाटे. ती उठली नाही. अखेर एका सकाळी त्यानं वाटी चाटून पुसून लख्ख केली.

दिवाळीच्या सुमाराला कस्तुराबाईंची बैलांची धमणी दारात थांबली. बत्ताशा ओट्यावरून उडी मारून थेट त्यांच्या मांडीवर. बाई त्याची कंबर चाचपत म्हणाल्या, "वाळला का हो?" गल्लीतल्या बायांनी कान टवकारले.

छबूबाईनं ताक-भाकरीची वाटी पुढं ठेवली. बत्ताशा मांडीवरून उतरला आणि मान वर न करता त्यानं सगळं फस्त केलं. कस्तुराबाई बघतच राहिल्या. आमच्या घरी पेढा दिला तरी तोंड फिरवायचा, तुम्ही याला चारलंत तरी काय, असं त्यांनी विचारलं.

उत्तर बायनाबाईंनी दिलं. दारातून पुढं येऊन, डोईवरचा पदर नीट करत, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं त्या म्हणाल्या, "चारणाऱ्या गावात लय हायत, बाई. आमच्या सुनंनं त्याला भूक लावली."