कोणाचाच नसलेला रेडा

शेजारच्या अंगणात वाळत घातलेल्या मोहफुलांचा आंबूस-गोड वास आला आणि मी थेट धानोऱ्याच्या जंगलात पोचलो.

तेव्हा मी जंगलखात्यात नवा नाकेदार होतो. रानम्हशीची शिकार बंद झाल्याचा हुकूम गावोगाव वाचून दाखवत हिंडायचो. एका बोडीत, म्हणजे लहानशा तळ्यात, गावच्या म्हशी डुंबत होत्या आणि जरा दूर, राखीव हद्दीत, एक प्रचंड रेडा चिखलात बसला होता. राखीव जंगलात चराईला बंदी, म्हणून मी तोऱ्यात विचारलं, "हा रेडा कोणाचा? कोंडवाड्यात टाकीन!"

म्हातारा गुराखी हसला. "कोणाचाच नाई, भाऊ. रानातला हाय. त्याचा कळप बंदुकीनं सरला, म्हून आमच्या म्हशीत येऊन बसते."

दिवस कलला तशा म्हशी घराकडे वळल्या. रेडा त्यांच्यामागे जंगलाच्या कडेपर्यंत आला आणि थांबला. शेवटच्या म्हशीच्या घंटेचा आवाज विरेपर्यंत तो तिथेच उभा होता.

खिशातला हुकूम चाचपत मी खुशीत म्हणालो, चला, हा तरी वाचला.

आता बायको जाऊन बरीच वर्षं झाली. शेजारची मुलं माझ्या अंगणात खेळून घरी निघाली, की मीही त्यांच्यामागे फाटकापर्यंत जातो आणि थांबतो.