पोताला मागितलेलं तेल

माझा स्वभाव संशयी आहे, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे आणि मलाही आहे. शाळेत एखाद्या मुलीनं पोट दुखतंय म्हटलं की मी आधी गृहपाठाची वही मागते. दुकानदारानं पिशवी बांधून दिली की सोडून बघते. देवीच्या बाबतीत मात्र माझ्या मनात कधी किंतु आला नाही, असं मी स्वतःला सांगत असे. तुळजापुरात जन्म गेला, उठता बसता आईचं नाव तोंडात, तिच्यावर कसला संशय घ्यायचा? पण गेल्या वर्षी दसऱ्यानंतर आमच्या गाडीच्या इंजिनात टिकटिक सुरू झाली, आणि त्या चार-सहा दिवसांत मी माणसांवर तर घेतलाच, देवीवरही संशय घेतला.

गाडी आमच्यासाठी हौसेची नाही. माझ्या मालकांच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या आहेत. आठवड्यातून दोनदा सोलापूरला डायलिसिसला जावं लागतं. एके काळी हा माणूस नळदुर्ग रस्त्यावर सीटवर भाडं घेऊन वडापची जीप चालवायचा. आता डायलिसिससाठी डाव्या हातावर नस जोडलेली, त्या हातानं काही उचलायचं नाही, आणि उजव्या हातातही पूर्वीचा जोर नाही. म्हणून ही जुनी गाडी घेतली आणि पन्नाशीला टेकलेली मी गाडी शिकले. उन्हाळ्यात एकदा वाटेत टायर फुटून डायलिसिसची एक खेप चुकली होती. त्या रात्री त्यांना आडवं झोपता येईना, श्वास पुरेना. उशीला टेकून बसलेला तो चेहरा मी विसरलेले नाही. तेव्हापासून गाडीतून जरा वेगळा आवाज आला की मी काच खाली करून कान देते.

टिकटिक पहिल्यांदा ऐकली ती दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी. गाडी सुरू केली की बारीक आवाज, आणि ॲक्सिलरेटर दाबला की तोही भराभर वाढायचा. माझा संशय थेट धाकट्या दिरावर गेला. दसऱ्याला सोनं वाटायला जातो म्हणून भाऊजी गाडी घेऊन गेले होते आणि अंधार पडल्यावर परतले होते. सोनं वाटायला इतका वेळ? नक्की मित्रांना घेऊन नळदुर्गापर्यंत दामटली असणार. मी त्यांना एका शब्दानं विचारलं नाही. फक्त किल्ली ज्वारीच्या डब्यात लपवली आणि त्यांच्याशी बोलणं तोडलं. बिचारे दोन वेळा दारात येऊन, "वहिनी, काय झालंय का?" असं विचारून गेले. मी भाकरी थापत राहिले.

मग मेकॅनिककडे गेले. बसस्टँडच्या मागच्या बाजूला त्याचं गॅरेज. आमची गाडी तोच बघतो, पण त्याच्यावरही माझा पुरता भरवसा कधीच नव्हता. मागं त्यानं ऑइल बदललं तेव्हा कॅनमध्ये उरलेलं ऑइल मी त्याच्याकडून मागून घेतलं होतं, कारण तो ते दुसऱ्याच्या गाडीत ओतेल अशी माझी खात्री होती. कॅन तेव्हापासून डिकीत पडून होता. या वेळी तो बॉनेटला हात लावायला गेला, तशी मी पुढं झाले. उघडलं की आतलं चांगलं सामान काढून जुनं बसवतात, असं कुणीतरी मला सांगितलं होतं.

"बॉनेट उघडायचं नाही," मी म्हटलं. "आवाज ऐका आणि सांगा."

तो कपाळाला हात लावून हसला. "मॅडम, बॉनेट न उघडता सांगायला म्या काय पंचांग बघतोय व्हय? आवाज टॅपेटचा वाटतोय. पण आत बघितल्याबिगर न्हाय कळायचं."

'टॅपेट' हा शब्द मला नवा होता, म्हणून तोही संशयास्पद वाटला. मी गाडी परत आणली.

आता आमच्याकडची एक गोष्ट सांगायला हवी. नवरात्रभर आई महिषासुराशी लढते, दसऱ्याला सीमोल्लंघन होतं, आणि मग दमलेली आई पलंगावर निजते ती कोजागरीच्या पौर्णिमेपर्यंत. मूर्ती खरोखर गादीवर निजवलेली असते. त्या दिवसांत गावात एक वेगळीच शांतता असते. आणि नेमकी आमची डायलिसिसची पाळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी आली होती. त्या दिवशी सोलापूरकडून पायी येणाऱ्या भक्तांनी रस्ता फुलून जातो, एसट्या दुसरीकडून वळवतात, भाड्याच्या गाड्या सगळ्या यात्रेत गुंतलेल्या. सकाळी देवघरासमोर हात जोडले आणि माझ्या मनात आलं ते मी लपवत नाही. आई, तू तर निजली आहेस. माझ्या माणसाचा जीव टांगणीला लागलाय आणि तू निजली आहेस. मग मी सांगू कुणाला? हे मनात आल्याचं मला फार वाईट वाटलं, पण ते आलं.

निघताना भाऊजी दारात उभे होते. म्हणाले, "वहिनी, म्या चालवतो ना. दादा मागं निवांत पडतील." मी "नको" म्हणून काच वर केली.

पोलिसांनी पेशंटची गाडी बघून सोडलं, पण एका कडेनं हळू जायला सांगितलं. समोरून माणसांची रांगच रांग येत होती. अनवाणी पाय, कपाळभर मळवट, 'आई राजा उदो उदो'चा गजर. एवढ्या गजरातही मला आपली टिकटिकच ऐकू येत होती. तामलवाडीच्या अलीकडं ती टिकटिक राहिली नाही. कुणीतरी आतून पत्र्यावर ठोकावं तसा आवाज येऊ लागला आणि काहीतरी जळल्याचा वास सुटला. मी गाडी बाभळीच्या सावलीला घेऊन बंद केली. मागच्या सीटवर हे डोळे मिटून पडले होते. चेहरा सुजलेला. ऑइलचा दिवा लागला होता का म्हणून मला नंतर पुष्कळांनी विचारलं. तो दिवा आम्ही गाडी घेतल्यापासून कधी लागलाच नव्हता, बिघडलेलाच असणार.

मी स्टिअरिंगवर डोकं टेकून बसले होते तेवढ्यात काचेवर टकटक झालं. एक म्हातारी आराधीण उभी होती. गळ्यात कवड्यांची माळ, एका हातात परडी, दुसऱ्या हातात विझत आलेला पोत. पोत म्हणजे आईच्या नावानं पेटवलेला चिंध्यांचा पलिता. तो विझू द्यायचा नसतो, म्हणून आराधी वाटेत भेटेल त्याच्याकडं तेल मागतात. हे सगळं मला लहानपणापासून माहीत होतं. तरी मी आधी पर्स मांडीखाली सरकवली आणि मगच काच थोडी खाली केली.

"माय, आईच्या पोताला तेल घाल," ती म्हणाली. "कवापासनं मागतीया. विझाया लागलाय बघ."

"आजी, माझ्याकडं तेल नाही. आमचीच गाडी बंद पडलीय."

"तेल न्हाय?" तिनं वाकून गाडीकडं बघितलं, मग मागं पडलेल्या माझ्या मालकांकडं. "अगं, बघ की जरा. थोडं तरी आसंल कुठंतरी. तेलाबिगर कसं चालंल?"

मला तिचा रागच आला. पण मागून ह्यांचा आवाज आला, अगदी खोल गेलेला. "तेल... अगं, झाकण."

"कसलं झाकण?"

हे उठून बसले. थांबत थांबत बोलले. खंडेनवमीला दुपारी मी स्वयंपाकात होते तेव्हा त्यांनी एकट्यानंच गाडीची पूजा केली होती. वडापच्या दिवसांपासूनची त्यांची पद्धत अशी, की हारफुलं बाहेरून घालायची, पण कुंकू इंजिनाच्या तोंडाला लावायचं. ऑइलचं झाकण काढायचं, त्याला आतबाहेरून हळदकुंकू लावायचं आणि परत बसवायचं. "जीप कधी धोका द्यायची न्हाय म्हणून," ते म्हणाले. "ह्या वक्ताला बसवताना बोटात जोर आला न्हाय. बसलं असं वाटलं. तुला हाक मारायची होती, पन म्हटलं एवढं तरी आपलं आपण करावं."

मी उतरले आणि पहिल्यांदाच स्वतः बॉनेट उघडलं. झाकण तोंडावर तिरकं पडलेलं होतं, एका बाजूनं उघडं. त्याच्यावर ह्यांच्या बोटाचा कुंकवाचा ठसा होता आणि कडेला झेंडूची एक पाकळी तेलात भिजून चिकटली होती. इंजिनभर तेल उडालेलं. गाडी चालली की त्या फटीतून तेल बाहेर फेकलं जात होतं, आतलं कमी होत होतं, आणि तेलावाचून कोरडे पडलेले भाग एकमेकांवर वाजत होते. भाऊजींनी काही केलं नव्हतं. मेकॅनिकनं बॉनेट उघडलं असतं तर त्याला हे एका नजरेत दिसलं असतं. मी तिथं उभी राहून रडले. ह्यांना दिसू नये म्हणून बॉनेटआड.

मग आठवला तो डिकीतला कॅन. मेकॅनिक लबाडी करील म्हणून मी हट्टानं आणलेला. आजी पोत धरून बघत होती. हे खाली उतरून बंपरला टेकले आणि मला सांगत गेले. तेल मोजायची पट्टी काढ, फडक्यानं पूस, परत घाल, आता बघ. पट्टीच्या टोकाला तेलाचा थेंब नव्हता. मी हळूहळू ओतलं, थांबले, पुन्हा बघितलं. तेल खुणेच्या आत आलं तेव्हा कॅन रिकामा झाला. झाकण मी पिळून बसवलं. गाडी सुरू केली. टिकटिक आली. पण ती हळू होत गेली, मग अधूनमधून, आणि मग नाहीच. नुसतं इंजिन गुरगुरत होतं. हे सीटवर डोकं टेकून म्हणाले, "झालं. चल आता."

मी आजीला नोट देऊ लागले. तिनं हात मागं घेतला. "तेलच घालाया लागतं, माय. जा तू, माणसाला दवाखान्यात ने. येताना घाल. म्या न्हाय घावले तर दुसऱ्या कुणाच्या पोताला घाल. आई एकच हाय." आणि ती रांगेत मिसळली. खरं सांगते, सोलापूरच्या वेशीपर्यंत माझ्या मनात एकदा येऊन गेलं, की हिला भाऊजींनीच तर पाठवलं नसेल? स्वभाव असा एका दिवसात जात नाही.

डायलिसिस वेळेवर झालं. परतताना ह्यांच्या चेहऱ्यावरची सूज उतरली होती. मी सोलापुरात करडईच्या तेलाची बाटली घेतली आणि वाटेत जिथं पोत दिसला तिथं गाडी थांबवून तेल घालत आले. त्या आजी कुठं दिसल्या नाहीत. कुणी मला म्हटलं, आराध्यांचं कामच तेल मागणं, त्यात नवल काय? मी वाद घालत नाही. रस्त्यावर हजारो माणसं होती, आणि विझू लागलेला पोत घेऊन ती नेमकी माझ्या काचेशी आली, एवढंच मला माहीत आहे. घरी आल्यावर भाऊजींच्या दारात गेले आणि किल्ली त्यांच्या हातात ठेवली. ते म्हणाले, "वहिनी, ज्वारीचा वास येतोय किल्लीला." मी हसले आणि रडलेही.

आई निजली आहे म्हणून तिला ऐकू जाणार नाही असं मला वाटलं होतं. माझी लेक तान्ही असताना मी किती दमून झोपले तरी पाळण्याची कडी करकरली की जागी व्हायचे. हे मला त्या सकाळी आठवायला हवं होतं. माझा संशय, ह्यांची भक्ती, ह्यांच्या बोटांची कमजोरी, डिकीतला कॅन, सगळंच तिनं कामी लावलं. मी फक्त बॉनेट उघडलं, तेही सगळ्यांत शेवटी.

या वर्षी खंडेनवमीला हे झाकण काढून बसले तेव्हा मी चुलीवरचं उतरवून बाहेर आले. त्यांनी कुंकू लावलं, झाकण तोंडावर ठेवलं आणि माझ्याकडं बघितलं. त्यांना वाटलं मी आता ते काढून घेणार आणि स्वतः बसवणार. पूजेत बायकोनं नवऱ्याच्या हाताला हात लावायचा असतो. मी त्यांच्या हातावर हात ठेवला आणि ते जसं फिरवत गेले तसा माझा हातही फिरत गेला. झाकण बसलं. मी पुन्हा तपासलं नाही.