एनिमाचा बल्ब कोणीतरी हलवत होतं

“आतड्यात काही नाही. जोर लावताना जे स्नायू सैल पडायला हवेत, नेमके तेच तू आवळून धरतेस,” डॉक्टर मॅडम म्हणाल्या.

माझ्या मनात पहिलं आलं ते असं, की या काहीतरी लपवताहेत. तीन वर्षं मला नीट शौचाला होत नव्हतं. इसबगोल झालं, एरंडेल झालं, रोज सकाळी बाबांचं “पाणी पी, पाणी” झालं. एवढ्या सगळ्याचं कारण फक्त आवळलेले स्नायू?

माणिकपूरच्या त्या क्लिनिकमध्ये माझ्या दोन तपासण्या झाल्या होत्या. पहिली अनोरेक्टल मॅनोमेट्री. यात गुदद्वारातून एक बारीक नळी आत घालतात आणि स्नायूंचा दाब मोजतात. दुसरी बलून एक्स्पल्शन टेस्ट, म्हणजे पाण्याने भरलेला छोटा फुगा आत ठेवतात आणि तो बाहेर टाकायला सांगतात. मला तो टाकता आला नाही. बाहेर उभी असलेली नर्स दर मिनिटाला “झालं?” विचारायची आणि मी दर मिनिटाला जास्तच आवळत जायचे.

या त्रासाचं नाव डिससिनर्जिक डिफिकेशन. सोप्या भाषेत, शौचाच्या वेळी स्नायूंचा मेळ बसत नाही. उपचार बायोफीडबॅक थेरपीचा. स्क्रीनवर आपल्याच स्नायूंची रेघ बघत त्यांना सैल सोडायला शिकायचं. त्याला काही महिने लागतात. तोवर एक दिवसाआड घरी एनिमा घ्यायचा, बल्बने.

मी हे लिहितेय ते अशाच कोणासाठी, जिच्या हातात आज एनिमाची चिठ्ठी पडली असेल आणि जिला मेडिकलमध्ये जाऊन ते मागायची लाज वाटत असेल. मला इतकी वाटली की तुळिंजमध्ये आमच्या बिल्डिंगखालचं दुकान सोडून मी रिक्षाने तीन स्टॉप लांब गेले. तिथल्या माणसाने बल्ब कागदात गुंडाळला, वर काळी पिशवी घातली आणि माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. तेही मला संशयास्पदच वाटलं.

बल्ब म्हणजे मुठीत मावेल एवढा मऊ रबरी गोळा, पुढे तोटी. थेरपिस्ट बाईंनी सगळं समजावलं. पाणी उकळून कोमट केलेलं. आमच्याकडे कधी टँकरचं पाणी येतं, कधी बोअरचं मचूळ, त्यामुळे आधी गाळलेलं. डॉक्टरांनी लिहून दिलंय तेवढंच घ्यायचं, त्यापेक्षा जास्त नाही. पाण्यात स्वतःच्या मनाने काहीही मिसळायचं नाही. बल्ब भरला की तोटी वर धरून आतली हवा आधी काढायची. तोटीला पाण्यात विरघळणारी जेली लावायची, डाव्या कुशीवर पडायचं, गुडघे पोटाशी घ्यायचे आणि अगदी सावकाश दाबायचं. तोटी आत जायला अडली तर जोर करायचा नाही. दुखलं तर थांबायचं.

“आणि साफ कसा करायचा?” मी विचारलं. मला भीती घेण्याची नव्हती, त्याचीच होती. बल्ब आतून दिसत नाही. जी वस्तू आतून दिसत नाही ती स्वच्छ झाली हे कशावरून समजायचं?

बाई म्हणाल्या, “सौम्य साबणाच्या कोमट पाण्याने भर, हलव, पिळून काढ. तीन-चार वेळा. मग साध्या पाण्याने, फेस पूर्ण जाईपर्यंत. शेवटी दाबून सगळं पाणी काढ आणि तोटी खाली करून मोकळ्या हवेत टांग. डबीत बंद करायचा नाही, ओल राहिली की आत बुरशी धरते. पुढच्या वेळी वापरण्याआधी परत एकदा साध्या पाण्याने भरून रिकामा कर. उकळता येतो का ते पाकिटावर बघ, सगळेच बल्ब उकळत नाहीत. चिकट झाला, तडा गेला, काळे ठिपके दिसले, वास आला, तर सरळ फेकून नवा घे. आणि तुझा तो तुझाच.”

मी हे सगळं फोनमध्ये लिहून घेतलं. फक्त एक गोष्ट पाळली नाही. वापरण्याआधी परत धुवायची. धुतलेला मीच, टांगलेला मीच, मग मीच माझ्यावर संशय का घ्यावा?

पहिले दोन महिने छान गेले. पोट हलकं, चेहऱ्यावरचे फोड कमी. बाथरूमच्या दारामागे एक हूक होता, त्यावर माझा जुना टॉवेल आणि टॉवेलआड बल्ब. आई-बाबांना माहीत होतं, पण त्यावर कोणी बोलायचं नाही. आमच्या घरात ते सोयीचं होतं.

मग आत्या कायमची राहायला आली.

आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. एका प्रसूतिगृहात आयाचं काम करून निवृत्त झालेली, लग्न न केलेली, गुडघे गेलेली. आमचं वन बीएचके, बाथरूम एक. तिला सगळं दिसायचं. मी आत गेले की बाहेरून आवाज यायचा, “काय गो बाय, आत घर बांधतेस काय?” आई तिला हळूच काहीतरी सांगायची आणि मग दोघी गप्प. ती शांतता मला टोमण्यापेक्षा जास्त लागायची.

दुसऱ्या आठवड्यात जिन्यात शेजारच्या काकू भेटल्या. “पोट बरं आहे ना आता?” त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं आणि घरी येऊन आत्याच्या पाठीकडे बघत राहिले. ती मेथी निवडत होती. हिने सांगितलं, मी ठरवूनच टाकलं.

तिसऱ्या आठवड्यात जळजळ सुरू झाली. एनिमा घेताना नाही, नंतर. तास-दोन तास आत आग. मग चिकट शेंब पडायला लागली. मग एका सकाळी रक्त.

मी पाण्यावर संशय घेतला, बिसलेरी आणली. रबरावर घेतला, तो बल्ब टाकून नवा आणला. एकदा बल्ब भरताना तोटीशी पांढरट फेस दिसला. आपणच साबण नीट धुतला नसेल, असं वाटून तसाच वापरला. वासही यायचा थोडा, दवाखान्यासारखा. पण आत्या आल्यापासून आमच्या अख्ख्या बाथरूमलाच तो वास होता. ती रोज फरशी जंतुनाशकाने पुसायची.

डॉक्टर मॅडमनी सिग्मॉइडोस्कोपी केली. यात कॅमेऱ्याची नळी घालून मोठ्या आतड्याचा शेवटचा भाग बघतात. आतलं अस्तर लालभडक होतं, जागोजागी सोललेलं. त्यांनी दोन बारीक तुकडे काढले. याला बायोप्सी म्हणतात. नाव ऐकून मी हादरले तेव्हा म्हणाल्या, “कॅन्सर शोधत नाहीये. पण हे अल्सरेटिव्ह कोलायटिससारखं दिसतंय.” म्हणजे आतड्याची अशी सूज जी वर्षानुवर्षं येत-जात राहते. औषधं कदाचित जन्मभर. मी तेव्हा चोवीस वर्षांची होते.

“पाण्यात काही मिसळतेस?”

“नाही.”

“घरगुती काही? मीठ, लिंबू, साबण?”

“नाही म्हटलं ना.”

“बल्ब दुसरं कोणी हाताळतं?”

“कोणी नाही,” मी म्हटलं. त्यांना माझ्यावर विश्वास नाही याचा राग आला होता. फेसाबद्दल मी बोललेच नाही. एनिमा थांबवायचा, रिपोर्टला आठ दिवस, तो आला की औषध ठरवू, असं सांगून त्यांनी मला सोडलं.

घरी येऊन बाथरूममध्ये गेले आणि हुकाकडे बघत बसले. दुसरं कोणी हाताळतं? मी बल्ब टांगताना त्याची शिवण भिंतीकडे करते. ती सवय आहे. आता शिवण माझ्याकडे होती.

आत्या माझा बल्ब वापरते, असंच मला वाटलं. तिलाही त्रास असेल, सांगायची लाज वाटत असेल, आणि तिचं काहीतरी मला लागलं असेल. हे आईला सांगायची हिंमत नव्हती. मी बॉलपेनने शिवणीवर एक ठिपका दिला, बल्ब साबणाने धुतला आणि ठिपका भिंतीकडे करून टांगला. मी वापरत नव्हते तरी धुवून टांगला, कारण मला बघायचं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी ठिपका दाराकडे.

गुरुवारी आई-बाबा कामावर होते. मी बल्ब परत धुवून टांगला आणि आत्याला म्हटलं, झेरॉक्स काढून येते. खाली गेले, गेटपाशी दहा मिनिटं थांबले, वर आले आणि माझ्या चावीने दार उघडलं.

बाथरूमचं दार सताड उघडं. आत्या स्टुलावर बसलेली, साडी गुडघ्यापर्यंत खोचलेली. समोर मग, मगात दुधासारखं पांढरं पाणी. त्यात माझा बल्ब बुडवलेला, ती तो दाबत होती, सोडत होती.

“आत्या, हे काय करतेस?”

ती दचकली नाही. फक्त वर बघून म्हणाली, “धुतेय. तू काय धुतेस गो ते? खळखळ केलं, टांगलं. आतली घाण जाते काय तशाने?”

“कशात बुडवलाय?”

“जंतुनाशकात. फरशीचं नाय, चांगलं, दवाखान्यातलं. एकतीस वर्षं एनिमाचं सामान मी ठेवलंय. एका बाईला इन्फेक्शन झालं नाय.”

“रोज करतेस?”

“तू वापरतेस त्या दिवशी. तू टांगून गेलीस की. मग परत तसाच ठेवते.”

“आणि नंतर पाण्याने धुतेस?”

“धुवायचं कशाला? लावलेलं औषध परत धुऊन टाकायचं?”

मी दाराच्या चौकटीला टेकले. माझा आवाज चढला असणार, कारण तिने मग खाली ठेवला. “तुझ्या दवाखान्यात पण कोणी धुवत नव्हतं?”

तिने बल्ब त्या पांढऱ्या पाण्यातून बाहेर काढला. मग हळू म्हणाली, “ट्रेमधून काढून धुवायचं काम सिस्टरचं होतं. माझं काम बुडवून ठेवायचं.”

तेव्हा मी तिला रक्ताचं सांगितलं. बायोप्सीचंही सांगितलं. आईने तिला फक्त “पोट नाजूक आहे” एवढंच सांगितलं होतं. आत्याने दोन्ही हात साडीला पुसले, परत पुसले.

“मला विचारायचं तरी,” मी म्हटलं.

“तुला? बल्बाचं नाव काढलं असतं तर तू चार दिवस जेवली नसतीस. म्हणून गुपचूप करत होते.”

“आणि शेजारच्या काकूंना सांगताना लाज नाही वाटली?”

तिने माझ्याकडे असं बघितलं की मला अजून ते आठवतं. “पोरी, मी राहायची त्या अख्ख्या चाळीच्या बायांचं मला ठाऊक होतं. कोणाचं पोट पडलं, कोणाचं राहिलं, कोणाचं नवऱ्याला ठाऊक नाय. एकीचं नाव बाहेर काढलं नाय मी. तुझं काढीन?”

नंतर कळलं, काकूंनी मला क्लिनिकच्या पायऱ्या उतरताना पाहिलं होतं, खाली पोटविकारांची पाटी होती. बस, एवढंच.

मी डॉक्टरांना फोन करते म्हटलं. आत्या म्हणाली, “फोनवर नको. मी येते. मी केलंय, मी सांगीन.” गुडघ्यांनी तिला जिना नको व्हायचा, तरी क्लिनिकचे दोन मजले ती कठड्याला धरून चढली. खुर्चीत बसायच्या आधीच तिने सगळं सांगितलं. किती झाकणं, किती पाणी, किती वेळ. जंतुनाशकाची बाटली पिशवीतून काढून टेबलावर ठेवली. मॅडमनी बाटलीवरचं बारीक अक्षर वाचलं.

“हे आत वाळून राहत होतं, आणि ही त्यावर पाणी भरत होती,” त्या म्हणाल्या. “बाई, त्वचेला चालतं ते आतड्याच्या अस्तराला चालत नाही.”

“चुकलं माझं,” आत्या म्हणाली. माझ्या आठवणीत तिने हे शब्द पहिल्यांदा वापरले.

“तुम्ही आलात ते बरं केलंत. पुढच्या आठवड्यात मी हिला स्टिरॉइड सुरू करणार होते.”

रिपोर्टही तसाच आला. जुनाट आजाराची लक्षणं नाहीत, केमिकल प्रॉक्टायटिस. म्हणजे रसायनाने झालेली गुदाशयाची सूज. कारण थांबलं की बरी होणारी. दीड महिन्याने पुन्हा कॅमेरा घातला तेव्हा अस्तर गुलाबी होतं. मॅडमनी स्क्रीन आत्याकडे वळवून दाखवला, माझ्याकडे नाही.

तुमच्यापैकी कोणाला असा त्रास झाला तर एवढं ऐका. जळजळ, शेंब, रक्त, यातलं काही दिसलं की बल्ब बाजूला ठेवा आणि डॉक्टरांकडे जा. त्यांनी जे विचारलं त्याचं उत्तर राग न धरता द्या आणि जे विचारलं नाही तेही सांगा. मी फेसाचं सांगितलं असतं तर ते आठ दिवस वाचले असते. बल्ब कोण धुतं, कशाने धुतं, हे घरात मोठ्याने बोला. लपवलेल्या गोष्टीची काळजी माणसं लपूनच घेतात, आणि मग त्यांची चूकही लपून राहते.

माझी थेरपी अजून चालू आहे. स्क्रीनवरची रेघ आता कधी कधी खाली येते, म्हणजे स्नायू सैल सुटतात. मॅडमनी परवानगी दिल्यापासून मी नव्या बल्बने आठवड्यातून एकदा एनिमा घेते. संशय माझ्या स्वभावातून गेलेला नाही. आत्या “पाणी मी ठेवलंय” म्हणाली की पातेल्यात काय आहे ते मी आधी वाकून बघते, वास घेते. ती बघू देते.

गेल्या रविवारी घरात सगळे होते, बाबा टीव्ही बघत होते. पाणी कितपत निवलंय ते मला कळेना. मी बाथरूमचं दार उघडून हाक मारली, “आत्या, जरा बघ गं, एनिमाला हे जास्त गरम आहे का?”

बाबांनी टीव्हीचा आवाज वाढवला. आत्या लंगडत आली आणि आधी बेसिनवर स्वतःचा हात साध्या पाण्याने दोनदा धुतला. मग मनगट पाण्याला लावून म्हणाली, “थांब अजून पाच मिनिटं.”

मी थांबले.